चर्चच्या गटासोबत ग्वाटेमालात घरं दुरुस्त करायला जावं का?

निशिगंधा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

ऑफिसातली एक मैत्रीण दरवर्षी तिच्या चर्चच्या गटाबरोबर ग्वाटेमालाला जाते. यंदा बारा जणांतली एक जागा रिकामी झाली आणि तिनं मला विचारलं. मी ख्रिश्चन नाही हे तिला ठाऊक आहे. "सकाळच्या प्रार्थनेला बसली नाहीस तरी चालेल, फावडं धरलंस की झालं," म्हणाली.

एकूण नऊ दिवस, त्यात काम सहा दिवस. चिमाल्तेनांगो प्रांतात डोंगरावरचं एक गाव, वस्ती काक्चिकेल माया लोकांची. काही घरांत मातीच्या जमिनीवर सिमेंटचा कोबा करायचा, उघड्या चुलीच्या जागी धुराड्याची चूल बसवायची आणि छपरं गळतात तिथे पत्रे बदलायचे. माणशी खर्च २,२०० डॉलर, विमानभाड्यासकट.

मला बांधकामातलं ओ की ठो कळत नाही. स्पॅनिश मोडकंतोडकं येतं, काक्चिकेलचा तर प्रश्नच नाही. नवरा म्हणतो, तेवढे पैसेच पाठवून दे, तिथल्या गवंड्याला दोन महिने काम मिळेल. त्याचं खोडून काढता येत नाही आणि जायची इच्छा काही जात नाही. कुणी अशा गटासोबत गेलंय का?

तिरकस

नवऱ्याचं ऐका. :)

थट्टा नाही. १९९८ च्या ऑक्टोबरअखेरीस मिच वादळानं होंडुरासची दैना केली, त्यानंतर अमेरिका-कॅनडातून चर्चचे गट घरं बांधायला लोटले. कर्ट व्हर बीक हे तिथेच राहणारे ख्रिश्चन प्राध्यापक. परदेशी गटांनी बांधलेली घरं आणि स्थानिक संस्थांनी बांधलेली घरं, दोन्हींतल्या कुटुंबांचं पुढे काय झालं ते त्यांनी तपासलं. फरक सापडला नाही. घराचा खर्च सुमारे २ हजार डॉलर आणि ते बांधायला आलेल्या गटाचा येण्याजाण्याचा खर्च त्याच्या दहापटीहून जास्त. बरं, परतल्यावर हे लोक दानधर्म तरी जास्त करू लागले का? तर तेही फारसं नाही.

त्याच्याही तीस वर्षं आधी, १९६८ साली, इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूनं मेक्सिकोला सेवेसाठी निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं: बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका.

आणि धर्मांतराचं कोणी बोलणार आहे की नाही?

घंटाघर

मी बोलते, कारण मी मराठी ख्रिश्चन आहे आणि असल्या गटांतून तीनदा जाऊन आलेय. दोनदा ग्वाटेमाला, एकदा होंडुरास.

तिरकसभाऊ, ग्वाटेमालात कुणाला ख्रिश्चन करायला जायची गरज नाही, ते लोक आपल्या कितीतरी पिढ्या आधीपासून ख्रिश्चन आहेत. स्पॅनिशांनी कॅथलिक धर्म आणला, त्यात माया लोकांचे जुने विधी मिसळले, आणि गेल्या पन्नासेक वर्षांत इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट, चर्चेस गावोगाव उभी राहिली. खरा धोका वेगळाच असतो. एकाच गल्लीत एक घर कॅथलिक, शेजारचं इव्हँजेलिकल. परदेशी गट उतरतो तो एका पास्टरच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या धर्मगुरूच्या, ओळखीनं. मग यादीत कुणाची घरं येतात? माझ्या पहिल्या फेरीत आम्ही पाच घरांत कोबा केला. पाचही घरं त्या पास्टरच्याच चर्चमधली होती. सगळ्यात पडकं घर एका म्हाताऱ्या बाईचं, ती कॅथलिक. चार दिवस ती कुंपणापाशी उभी राहून बघत होती. आम्ही हात हलवायचो, तीही हलवायची. मला अजून ते आठवलं की घास उतरत नाही.

म्हणून निशिगंधा, मैत्रिणीला एकच विचार: यादी कोण करतं? गावाची विकास समिती असते, तिकडे तिला 'कोकोदे' म्हणतात. यादी त्यांच्याकडून आली असेल तर बिनघोर जा. पास्टरच्या वहीतून आली असेल तर आधी भांड आणि मग जा.

प्रार्थनेला बसायचं की नाही ते तुझं तू ठरव. मात्र घरात शिरून "आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू का" असं विचारलं जातं तेव्हा त्या बाईला नाही म्हणता येत नाही, हे ध्यानात असू दे. जिच्या घरात तुम्ही सिमेंट ओतताय ती तुम्हाला नाही कशी म्हणेल?

आणि चर्चच्या बांधकामाचं सगळंच वाईट असंही नाही हं. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी जॉर्जियातल्या कोइनोनिया फार्ममधून निघाली. क्लॅरन्स जॉर्डन आणि सोबत्यांनी १९४२ साली गोऱ्या-काळ्यांनी एकत्र राहायचं म्हणून ते काढलं होतं. तिथून मिलर्ड आणि लिंडा फुलर यांनी १९७६ मध्ये हॅबिटॅट सुरू केली. तत्त्व साधं: घर फुकट द्यायचं नाही, बिनव्याजी हप्ते आणि घरच्यांच्या घामाचा वाटा. ग्वाटेमालात त्यांचं काम १९७९ पासून आहे.

ओळंबा

निवृत्त स्थापत्य अभियंता. धर्माचं तुमचं चालू द्या, मी कोब्याचं सांगतो.

समजा खोली ४ बाय ५ मीटर, कोबा साडेसात सेंटिमीटर जाड. म्हणजे दीड घनमीटर माल. वजन साडेतीन टनांच्या वर. तिथे सिमेंटची गोणी साडेबेचाळीस किलोची असते, अशा दहा-अकरा गोण्या लागतील. रस्ता घरापर्यंत जात नसेल तर वाळू, खडी, पाणी सगळं घमेल्यानं वाहायचं. इथे तुमचा उपयोग आहे, ताई. गवंड्याचा वेळ वाहण्यात जाऊ देऊ नका.

कोबा बिघडतो तो खालून. वरची भुसभुशीत माती काढायची, पाणी शिंपडून धुमसानं चोपायची, मग खडी. नवशिके गट चोपण्याचा कंटाळा करतात, कारण त्याचा फोटो चांगला येत नाही. दुसरी चूक पाणी जास्त घालण्याची. माल पातळ केला की पसरायला सोपा, पण वाळल्यावर पापुद्रे सुटतात. तिसरी म्हणजे ओतला आणि निघाले. कोबा निदान सात दिवस ओला ठेवावा लागतो. तुमचं काम सहा दिवसांचं. म्हणजे शेवटच्या घराला पाणी कोण मारणार, हे पहिल्या दिवशी ठरलं पाहिजे.

पत्र्यांचं. तो सगळा भाग भूकंपाचा. ४ फेब्रुवारी १९७६ च्या पहाटे तीनच्या सुमारास ७.५ तीव्रतेचा धक्का बसला, सुमारे २३ हजार माणसं गेली, दहा लाखांवर बेघर झाली. चिमाल्तेनांगो प्रांत सर्वाधिक भरडला गेला, सान मार्तीन हिलोतेपेके गाव जवळजवळ सपाट झालं. माणसं मेली ती कच्च्या विटांच्या जाड भिंती आणि वरची जड कौलं अंगावर आल्यामुळे. म्हणून आज तिकडे पत्रा दिसतो. पावसात कानठळ्या बसतात, उन्हात तापतो, पण डोक्यात पडला तर माणूस वाचतो. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारा, खोलगट भागात मारलात तर तिथूनच गळणार. आणि कुणी उत्साहानं म्हणेल, मातीच्या भिंतीवर दोन थर सिमेंटच्या ब्लॉकचे चढवून उंची वाढवू, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. खाली मऊ, वर जड. पुढच्या धक्क्याला तेच डोक्यात येईल.

शब्दवेडा

अवांतर, पण राहवत नाही. तिथल्या मुख्य गवंड्याला 'माएस्त्रो' म्हणतात. आपला मेस्त्री पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आला, म्हणजे दोघे सख्खे भाऊ. घमेलं 'गामेला'वरून आणि बादली 'बाल्द'वरून. स्पॅनिशमध्ये बादलीला 'बाल्दे'च म्हणतात. निशिगंधाताई, बांधकामावर उभं राहून "मेस्त्री, बादली!" ओरडलात तरी निम्मं काम होईल.

तिथल्या एका जुन्या सुधारित चुलीचं नाव 'लोरेना'. बाईचं नाव वाटतं ना? 'लोदो' म्हणजे चिखल, 'आरेना' म्हणजे वाळू. १९७६ च्या भूकंपानंतर केत्साल्तेनांगोजवळच्या चोकी केंद्रात ती घडली.

रानमेवा

सार्वजनिक आरोग्यात काम करते. पैसे की श्रम या वादात कोबा स्वतः किती मोलाचा आहे ते हरवू नये म्हणून लिहितेय.

मेक्सिकोच्या कोआविला राज्यात २००० साली 'पिसो फिर्मे' योजना सुरू झाली. मातीची जमीन असलेल्या घरांना ५० चौरस मीटरपर्यंत काँक्रीट. सरकारी ट्रक दारात यायचा, घरच्यांनी सामान हलवून जागा तयार ठेवायची आणि माल स्वतः पसरायचा. शेजारच्या दुरांगो राज्यात योजना नव्हती, त्यामुळे तुलना करता आली. २००९ च्या अभ्यासानुसार घरभर कोबा झाला तर मुलांतले जंत ७८ टक्क्यांनी, जुलाब ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी कमी. आयांचं नैराश्यही कमी झालं. स्वयंसेवकांची विमानं लागली नाहीत, हे तिरकस यांच्या बाजूनं लिहून ठेवते.

चुलीचं इतकं सरळ नाही. ग्वाटेमालाच्याच सान मार्कोस प्रांतात कर्क स्मिथ यांच्या गटानं ५३४ घरांत चाचणी केली, निकाल २०११ मध्ये आला. धुराड्याच्या चुलीनं बाळांच्या श्वासात जाणारा कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर आला, तरी डॉक्टरांनी निदान केलेला न्यूमोनिया म्हणावा तसा घटला नाही. गंभीर न्यूमोनिया मात्र घटला. आणि तिथे दर आठवड्याला माणूस चूल तपासायला जायचा! तुमचा गट गेल्यावर धुराडं कोण साफ करणार? काजळीनं नळी तुंबली की धूर परत घरात.

भिंतींना गिलावा असेल तर तोही करा. देशाच्या पूर्वेला, हुतियापाकडे, कुडाच्या भिंतींच्या भेगांत 'चिंचे पिकुदा' नावाचा ढेकूण राहतो, रात्री रक्त पितो आणि चागास रोग पसरवतो. सान कार्लोस विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथे फवारणीबरोबर स्थानिक मातीचाच सुधारलेला गिलावा शिकवला. भेग बुजली की ढेकणाचं घर गेलं. गिलावा बायकांनी स्वतः केला, बाहेरून सिमेंट आणावं लागलं नाही.

हिपॅटायटिस ए, टायफॉइड आणि धनुर्वाताच्या लशी बघून घ्या. गाव १,५०० मीटरच्या वर असेल तर मलेरियाची चिंता नाही.

जुनी_वही

घंटाघर, एक कडू गोष्ट जोडतो. १९७६ च्या भूकंपानंतर मदतीला आलेल्यांत कॅलिफोर्नियाचा एक पंथ होता, त्यांनी ग्वाटेमाला शहरात 'एल वेर्बो' चर्च काढलं. जनरल एफ्राइन रिओस मोंत त्याच चर्चचा. मार्च १९८२ च्या बंडातून तो सत्तेवर आला आणि ऑगस्ट १९८३ पर्यंत होता. त्या काळात सैन्यानं डोंगरातली माया गावंच्या गावं जाळली. सत्यशोधन आयोगानं १९९९ मध्ये तिथल्या पूर्ण यादवी युद्धाचा हिशेब मांडला: २ लाखांवर मृत आणि बेपत्ता, ओळख पटलेल्यांत ८३ टक्के माया. शांतता करार १९९६ च्या डिसेंबरात झाला.

पत्रे बदलणाऱ्यांचा याच्याशी काही संबंध नाही, कबूल. पण ज्या गावात जाताय तिथल्या पन्नाशीपुढच्या माणसाला गोऱ्या माणसाच्या हातातलं बायबल आणि सैनिकाच्या हातातली बंदूक एकाच वर्षातली आठवत असू शकेल. गप्पांच्या ओघात "तुमचे वडील काय करायचे" असं विचारू नका.

निशिगंधा

सगळ्यांना धन्यवाद. मैत्रिणीला यादीचं विचारलं. ती गप्प झाली, मग फोन केले. यादी पास्टरांचीच होती. आता त्यांनी कोकोदेला विचारून दोन घरं बदलली आहेत. जातेय. ओळंबाकाका, धुमसाचा फोटो नक्की पाठवीन.

तिरकस

दोन घरं बदलली? मग २,२०० डॉलरपैकी काही वसूल झाले म्हणायचे. शुभेच्छा.

निशिगंधा

परत आले. तीन आठवडे झाले, लिहायला बसले की हात थांबतो.

आमचे मेस्त्री साठीचे, बुटके, मितभाषी. हाताखाली त्यांचा पुतण्या. गटात एक निवृत्त बँक मॅनेजर होते, ते पहिल्या दिवशी तासाभरात सूचना देऊ लागले. मेस्त्रींनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि स्वतःला हवं तेच केलं. दुपारी मॅनेजर आपणहून वाळू चाळायला बसले, ते आठवडाभर चाळतच होते. फार छान चाळायचे.

मी दोन दिवस पाणी वाहिलं. तिसऱ्या दिवशी मला थापी मिळाली. खोलीचा एक कोपरा माझा, तास-दीड तास घोटत होते. संध्याकाळी सगळे गाडीत बसल्यावर माझी बाटली राहिली म्हणून परत गेले, तर मेस्त्री कंदिलाच्या उजेडात माझा कोपरा पुन्हा घोटत होते. मला बघून ओशाळले. मीच जास्त ओशाळले. मग त्यांनी सरकून जागा दिली आणि हाताला हात लावून थापी किती तिरकी धरायची ते दाखवलं. पुढच्या तीन दिवसांत त्यांना माझी अडचण कमी कशी होईल एवढंच बघितलं.

चुलीचं सांगायचं राहिलं. आमच्या आराखड्यात चूल मागच्या भिंतीला होती, धुराडं तिथूनच सोपं जातं म्हणून. घरच्या बाईला काक्चिकेलच येतं, मुलगी स्पॅनिशमध्ये सांगायची. बाई काही बोलली नाही, फक्त मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली आणि दाराकडे बघत राहिली. आम्हाला कळेना. मुलीनं सांगितलं, इथून आईला अंगणातलं पोर दिसत नाही. एवढंच. चूल दाराशेजारी आली, पत्र्याला भोक नव्यानं पाडावं लागलं, अर्धा दिवस गेला. गटात कुरकुर झाली, कारण चार घरं संपवायचा शब्द दिलेला. तीनच झाली.

आणि रानमेवा, चुलीचं सरळ नाही म्हणालात तसंच झालं: नवी चूल पेटली तरी अंगणातली तीन दगडांची चूल त्यांनी मोडली नाही. मका चुना घालून शिजवायचा तो हंडा तव्याच्या वर बसतच नाही. रात्री थंडी मरणाची, उघड्या जाळाभोवती सगळं घर बसतं. बंद चुलीला ऊब नाही. आढ्याला टांगलेली कणसं धुरानं टिकतात, तेही एक. हे कुणी आधी विचारलंच नव्हतं.

प्रार्थना झाली. दोन घरांत मी बाहेर जाऊन थांबले. तिसरं घर यादीत नव्यानं आलेलं, कॅथलिक आजीचं. तिनंच आम्हा सगळ्यांना मूर्तीपुढे उभं केलं, मेणबत्त्या लावल्या आणि काक्चिकेलमध्ये बराच वेळ आमच्यासाठी प्रार्थना केली. गटातली कडवी मंडळी डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे या पेचात. मला एकच शब्द येत होता, 'मात्योश', म्हणजे धन्यवाद. तो म्हणाले.

घंटाघर

त्या आजीनं माझं एक जुनं ओझं हलकं केलं गं.

तिरकस

बारा जणांचे मिळून २६,४०० डॉलर. तीन घरं. माझं गणित बदललेलं नाही. पण मॅनेजरांना वाळू चाळायला बसवणारे मेस्त्री आवडले.

निशिगंधा

गणित मीही मांडलं, तिरकस. आमच्या माघारी मेस्त्री आणि पुतण्या दोघांनी चौथं घर पाच दिवसांत संपवलं. पाच दिवसांत, दोघांनी! मैत्रिणीला सांगितलंय, पुढच्या वर्षी बारा जण नको, तीन जण जाऊ आणि उरलेल्या नऊ जणांच्या तिकिटांचे पैसे मेस्त्रींना आगाऊ देऊ, वर्षभराची कामं आणि धुराडी साफ करायची मजुरी धरून. चर्चच्या समितीत हे मांडलं तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, माणसं गेली नाहीत तर पैसे कोण देईल? त्यांचंही खोटं नाही. तिकिटासाठी मिळालेल्या देणग्या माझ्या नावावर मिळाल्या होत्या, मेस्त्रींच्या नावावर शेजारच्यांनी दहा डॉलर दिले नसते. वाद अजून चालू आहे.

रानमेवा

मोठ्या हंड्यासाठी बाहेर वेगळी, आडोशाची चूल बांधता येते. आत नेहमीचा स्वयंपाक, बाहेर मका. पुढच्या वेळी आधी हंड्याचं माप घ्या.

निशिगंधा

माप मागवते. आज मेस्त्रींच्या पुतण्याचा निरोप आला, त्यासाठीच पुन्हा डोकावले. तिन्ही धुराडी एकदा झाडून झाली. आजीनं पत्र्याखाली कोंबड्यांना जागा केलीय. आणि पहिल्या घरात कोब्याला एक भेग गेलीय. कोपऱ्यात. माझ्याच.

ओळंबा

किती रुंद? केसाएवढी असेल तर सोडून द्या, सिमेंट आकसतंच. नख आत जात असेल तर खालची माती खचतेय, तेवढा तुकडा फोडून, चोपून पुन्हा करावा लागेल. आणि धुमसाचा फोटो अजून आला नाही.

निशिगंधा

विचारलं काका. नख जात नाही म्हणाला. फोटो नाहीये, धुमस माझ्याच हातात होतं.